गोळीचं अनुपान

आयर्लंडमध्ये सलग दोन दिवस ऊन पडलं की अख्खं गाव आनंदाने घराबाहेर पडतं आणि तिसऱ्या दिवशी डोळे चोळत औषधांच्या दुकानात येतं. एनिस नावाच्या गावात अशाच एका दुकानात मी फार्मसिस्ट म्हणून वीसेक वर्षं उभी राहिले. 'उभी राहिले' हे मुद्दाम म्हणते, कारण या नोकरीत बसायला मिळत नाही. अमरावतीला बी. फार्म. झाले तेव्हा वडील म्हणाले होते, "चला, आता घरचं मेडिकल टाकू." ते राहूनच गेलं, आणि मी पश्चिम आयर्लंडच्या शेतकऱ्यांना शिंकांवर गोळ्या देऊ लागले.

या आजाराला इकडे 'हे फीव्हर' म्हणतात, 'हे' म्हणजे इंग्रजीत वाळलं गवत. त्यात ताप नसतो आणि वाळल्या गवताचाही फारसा दोष नसतो. दोष असतो उभ्या गवताच्या फुलोऱ्याचा. मे संपता संपता त्याचे परागकण वाऱ्यावर उडायला लागतात, ते थेट जुलैच्या अखेरीपर्यंत. काही माणसांच्या नाकात ते शिरले की शरीराला वाटतं शत्रू आला, आणि ते हिस्टामिन नावाचं रसायन सोडून सगळ्या घरादाराला उठवतं. शिंका, पाणी, खाज. अँटिहिस्टामिनची गोळी काय करते, तर या हिस्टामिनला कामाला लागू देत नाही. जुन्या पिढीच्या गोळ्या हे करता करता माणसालाही झोपवून टाकायच्या. नव्या गोळ्या त्या मानाने शहाण्या आहेत. नाकात मारायचा फवारा आणखी चांगला, पण तो रोज मारावा लागतो. लोक तो शिंका आल्यावर मारतात आणि मग आम्हाला येऊन सांगतात की तुमचा फवारा भिकार आहे.

आणि मग झाडपाल्यावाले. कुणी नेटल नावाच्या रानटी झुडपाच्या पाल्याचा चहा पितं, म्हणजे ज्याला हात लागला की आग होते तोच पाला. कुणी गावच्या मधाचा चमचा खातं, कारण त्यात गावचे पराग असतात आणि शरीराला त्यांची सवय होते म्हणे. कल्पना गोड आहे. पण मधमाशी फुलावर बसते, आणि त्रास देतं ते गवत वाऱ्याच्या भरवशावर जगतं, त्याला माशी लागत नाही. तरीही मी मध खाणाऱ्याला कधी हसले नाही. घसा तर बरा वाटतो. 'नॅचरल आहे, म्हणजे अपाय नाही' असं म्हणणाऱ्यांशी मात्र मी भांडले आहे, आणि 'झाडपाला म्हणजे अंधश्रद्धा' म्हणणाऱ्यांशीही. दोन्हीकडच्या कट्टर माणसांचा मला सारखाच कंटाळा येतो. गोळ्यासुद्धा कुठे आभाळातून पडल्या आहेत?

माझं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे मायकल जॉन. सत्तरी उलटलेला शेतकरी, गाई पाळणारा, आणि गवताची ॲलर्जी. ज्याच्यावर जगायचं त्यानेच नाक गळायचं, असा त्याचा संसार. दर उन्हाळ्यात तो गोळ्यांची पाकिटं न्यायचा, पण या माणसाने कधी 'थँक्स' म्हटलं नाही. बसमधून उतरतानासुद्धा ड्रायव्हरला थँक्स म्हणणारा हा देश, आणि हा बाबा नुसती मान हलवून चालू लागायचा. मी त्याला उद्धट समजत होते. शेवटी एकदा मी थट्टेने विचारलंच, तेव्हा तो गंभीर झाला. त्याच्या घराण्याकडे गजकर्णाचा 'क्युअर' आहे. इथे खेडोपाडी असं असतं. एखाद्या घराकडे एखाद्या दुखण्याचा उतारा पिढ्यान् पिढ्या चालत आलेला असतो, कुणाकडे नागिणीचा, कुणाकडे भाजल्याचा. तो फुकट द्यायचा, आणि घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत. मानले की गुण येत नाही.

"पण मी तर दुकानातली गोळी देते," मी म्हटलं.

"मला कुठे कळतं कशाने गुण येतो ते? उगाच जोखीम कशाला घ्यायची!" आणि नाक पुसत गेला. त्याचा गजकर्णाचा उतारा स्वतःच्या शिंकांवर चालत नव्हता याचं त्याला फार वाईट वाटायचं.

दोन हजार वीसचा उन्हाळा आला तो रांगा घेऊन. दुकानात एका वेळी दोन माणसं, बाकीची फुटपाथवर पिवळ्या पट्ट्यांवर, आणि काउंटरवर प्लास्टिकची पारदर्शक भिंत. नेमकं त्याच वर्षी ऊनही असं पडलं की विचारू नका. त्या दिवसांत रस्त्यावर शिंकणं म्हणजे काय होतं ते आता सांगूनही पटणार नाही. एकदा मायकल जॉन रांगेत असा शिंकला की त्याच्या पुढची माणसं चौकापर्यंत गेली आणि मागची चर्चपर्यंत. तो हात वर करून ओरडत होता, "गवत! गवत आहे, बाकी काही नाही!" कुणाचा विश्वास बसला नाही. त्याचा नंबर मात्र लगेच लागला.

त्याला शिंका परवडत होत्या. राधिकाला परवडत नव्हत्या.

डॉक्टर राधिका वर्ध्याची. मुंबईत शिकून इथल्या सरकारी हॉस्पिटलात नोकरीला लागलेली, मला ताई म्हणणारी. इथे आली तेव्हा तिला ॲलर्जी वगैरे काही नव्हती, दोन उन्हाळे काढले आणि तिसऱ्यात गवताने धरलं. पुष्कळांचं असं होतं. तिचा नवरा कामासाठी पुण्याला गेला होता, तो विमानं बंद झाल्यावर तिकडेच अडकला, आणि नातीला सांभाळायला दोन महिन्यांसाठी आलेली तिची आई इकडे अडकली. चार वर्षांची ईरा, आजी आणि राधिका, एवढंच घर.

वॉर्डात शिंक आली की नियमाप्रमाणे घरी. मग चाचणी, निकालाची वाट, निकाल निगेटिव्ह, पुन्हा कामावर, पुन्हा ऊन, पुन्हा शिंक. असं दोनदा झालं. इथे डॉक्टरांच्या नेमणुका जुलैमध्ये बदलतात, आणि राधिकाची मुदतही जुलैतच संपत होती. मुदत वाढली नाही तर कामाचा परवाना गेला, आणि परवाना गेला तर गाशा गुंडाळायचा. वरिष्ठ बाई भल्या होत्या, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की निम्मे दिवस घरी असणारा डॉक्टर या वर्षी त्यांना पेलवणार नाही.

आधीच्या गोळीने तिला ड्यूटीवर गुंगी यायची, म्हणून तिच्या फॅमिली डॉक्टरने फेक्सोफेनाडिन लिहून दिलं होतं. चांगली गोळी आहे, झोप आणत नाही. ती मीच दिली. देताना कशी घ्यायची वगैरे सांगायला गेले, तर ती म्हणाली, "ताई, माहितीये मला," आणि पळाली. डॉक्टर लोकांचं हे असंच असतं. ते औषध लिहितात, पाकिटातला कागद वाचायचा तो आम्ही.

आठवड्याभराने रांगेत एक नऊवारीतल्या काकू दिसल्या. अंगात जावयाचं जाकीट, हातात स्टीलचा थर्मास आणि शेजारी ईरा. त्यांच्यापुढे मायकल जॉन उभा होता. तो शिंकला. सगळे पांगले, काकू हलल्या नाहीत. त्यांनी थर्मासच्या झाकणात काढा ओतला, दुकानाच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, दोन पावलं मागे सरल्या आणि त्याला हाताने खुणावलं. मायकल जॉनने माझ्याकडे काचेतून पाहिलं. मी काय सांगणार? मी खांदे उडवले. त्याने एका घोटात संपवला. मिरी जरा सढळ हाताने पडली असावी, कारण तो कानापर्यंत लाल झाला. मग त्याने झाकण परत ठेवलं, मान हलवली आणि पाठ फिरवली.

"आजी, ही डिडन्ट से थँक यू!" ईरा खास क्लेअरच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, हेलात ओरडली.

मी दारात येऊन काकूंना त्याच्या घराण्याच्या उताऱ्याची गोष्ट सांगितली. त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"बराबर हाय त्याचं," त्या म्हणाल्या. "आमचे बाबा काविळीची मुळी देत. कोनी पैसे काढले का म्हनत, ठेव बापा ते, नाही त औषध नको नेऊ."

ही माझ्या माहेरची वऱ्हाडी. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दलही 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. असं बोलणारं माणूस मला कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. त्यांचा नंबर आला तेव्हा मी त्यांना काउंटरच्या कडेला, जिथे जरा बोलता येतं तिथे घेतलं.

"तूच का मंजिरी? तुही गोळी काही कामाची नाही, पोरी. राधी शिंकून शिंकून अर्धी झाली. काल पुन्हा घरी पाठवलं तिले. आता नोकरी जाते म्हनते. माह्या काढ्यानं तरी आराम पडते."

"खरंच पडतो?"

"मंग! मांगच्या आठवड्यात दोन दिस काढा देल्ला, एक शिंक नाही. काल गोळी देल्ली, झालं."

मी काढ्यात काय असतं ते विचारलं. तुळस, आलं, मिरी, हळद, ज्येष्ठमध. त्या स्वतःही पितात का आणि ब्लडप्रेशर आहे का, तेही विचारलं. होतं. मी ज्येष्ठमध काढून टाकायला सांगितलं, कारण तो फार झाला तर प्रेशर वाढवतो. त्यांनी मान्य केलं. मग मी विचारलं, "काढा कोणत्या दिवशी देता आणि गोळी कोणत्या दिवशी?"

"पानी आला, थंडी पडली का काढा. उन्हाचा काढा कायले देऊ, गरम असते तो. उन्हाच्या दिसी गोळी. पन गोळी बी गरमच पडते नं पोटात. म्हनून मी तिले नुसती नाही देत." इथे त्यांचा चेहरा खुलला. "संत्र्याच्या रसासंग देतो. इथल्या संत्र्याले आपल्यासारखी गोडी नाही, पन रोज उठून पेलाभर रस काढतो. तेवढंच माह्याच्यानं होते इथं. टीव्ही समजत नाही, दुकानदार समजत नाही, नात बोलते ते समजत नाही. सकाळी राधी रस पेते अन् जाते, मले बरं वाटते."

मला सगळं लख्ख दिसलं, आणि दिसलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतलं की आतड्यातून रक्तात नीट जातच नाही. संत्र्याचा, सफरचंदाचा, मोसंबीसारख्या ग्रेपफ्रूटचा, कुठलाही रस त्याची वाट अडवतो. उन्हाच्या दिवशी, जेव्हा पराग सगळ्यात जास्त, तेव्हा राधिका गोळी घेऊनही जवळजवळ बिनगोळीची जात होती. आणि पावसाच्या दिवशी, जेव्हा पाणी पराग खाली बसवतं आणि कुणालाच फारशा शिंका येत नाहीत, तेव्हा काढा श्रेय घेत होता. आयर्लंडातला कुठला डॉक्टर हे शोधून काढणार होता? त्याला उष्ण-थंड कुठून माहीत असणार?

प्रश्न सांगायचं कसं हा होता. आईच्या हातून मुलीची नोकरी जायची वेळ आली, हे प्लास्टिकच्या भिंतीआडून, मास्क लावून, मागे रांग खोळंबलेली असताना सांगायचं. मी म्हटलं, "काकू, तुमचे बाबा मुळी कशाबरोबर द्यायचे?"

"ताकासंग. दुधासंग घेतली त गुन नाही येत."

"म्हणजे ताक हे तिचं अनुपान. तसं या गोळीचं अनुपान पाणी आहे. फक्त पाणी. रसाबरोबर घेतली तर हिचाही गुण येत नाही."

अनुपान हा शब्द त्यांना समजावून सांगावा लागला नाही. ईराने त्यांचा पदर ओढला, तो त्यांनी सोडवून घेतला. म्हणाल्या, "म्हंजे माह्यानंच झालं हे?"

वीस वर्षांत मी हजारो प्रश्नांना उत्तरं दिली असतील. या प्रश्नाला 'नाही हो काकू' म्हणून टाकणं अगदी सोपं होतं. पण ज्यांच्या वडिलांनी उभा जन्म फुकट औषध दिलं, त्या बाईला औषधाबद्दल खोटं सांगायला माझी जीभ रेटेना. "हो," मी म्हटलं. "पण थांबलं की लगेच फरक पडेल. गोळी रात्री झोपताना पाण्याबरोबर द्या. रस सकाळी. मध्ये भरपूर वेळ जातो, मग काही बिघडत नाही. रस बंद करू नका."

"रस चालू ठेवू?"

"ठेवा. आणि नाकातला फवारा तिला रोज मारायला लावा, शिंका असोत नसोत. तिचं तुम्ही ऐकू नका."

"तिले मीच सांगतो," त्या म्हणाल्या. "तू नको सांगू."

"सांगा. पण आजच सांगा," मी म्हटलं. पेशंट राधिका होती, तिला कळायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, "ताई, आईने सांगितलं. इतकी रडली की मला ओरडायचं होतं तेही जमलं नाही. मी म्हटलं, अगं, डॉक्टर मी आहे, कागद मी वाचायला हवा होता. तर म्हणते कशी, 'तू वाचला असता तरी मी रस देल्लाच असता.'" आणि आम्ही दोघी फोनवर हसलो. मला हसताना रडूही येत होतं, ते तिला कळलं की नाही माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात कडक ऊन पडलं. गावभर गवत कापणी सुरू होती, मायकल जॉन तर डोळ्यांना फडकं बांधूनच हिंडत होता. राधिका वॉर्डात उभी राहिली. अधूनमधून एखादी शिंक आली असेल, पण घरी जायची वेळ पुन्हा आली नाही. गोळीचा वाटा किती, फवाऱ्याचा किती, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. जुलैमध्ये तिची मुदत वाढली. त्या दिवशी दुकानात लाडू आले, बेसनाचे. मायकल जॉनला एक दिला. त्याने मान हलवली.

पावसाची गोष्ट मात्र मी काकूंना सांगितली नाही. गोळी वाया जात होती, ते सांगणं भाग होतं. काढा वाया जात नव्हता. त्याने कुणाचं वाईट होत नव्हतं, ज्येष्ठमधही गेला होता, मग तो शिंका थांबवतो की नाही हे सांगून मी काय मिळवणार होते? एकाच दिवशी त्या बाईकडून रसाचंही समाधान काढून घ्यायचं आणि काढ्याचंही, हे मला झेपलं नाही. फार्मसिस्टने असं अर्धं सांगावं का, हा विचार पुढे कितीतरी दिवस मला छळत राहिला.

पानं गळायला लागली तेव्हा विशेष विमानं सुरू झाली आणि काकूंना जागा मिळाली. निघायच्या आधी त्या दुकानात आल्या. कागदाची एक पुडी काउंटरवर ठेवली, घरी कुटलेल्या काढ्याच्या मसाल्याची. "ज्येष्ठमध नाही टाकला," म्हणाल्या.

"पाऊस आला की घेईन," मी म्हटलं, आणि माझं मलाच चपापल्यासारखं झालं.

त्या मास्कच्या वरून माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांचे डोळे हसत होते.

"शिंका पावसानंच थांबत होत्या, पोरी. काढ्यानं नव्हत्या थांबत. जलम वावरात गेला माहा, पानी पडल्यावर हवा कशी धुतल्यासारखी होते ते मले समजत नाही का? तू रसाचं सांगतलं नं, त्याच दिसी घरी जाता जाता मले काढ्याचंही उमगलं. तू बोलली नाही, म्हनून मी बी नाही बोलली."

"मग देत का राहिलात?"

"गोळी त राधी उभ्या उभ्या गिळे. रस बी उभ्या उभ्या पे. काढा गरम असते नं. तो प्यायले ती माह्याजवळ बसे."

मी पुडी उचलून ॲप्रनच्या खिशात ठेवली. काकूंनी ईराचा हात धरला. औषधाच्या दुकानातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, ते त्या म्हणाल्या नाहीत. आभारही मानले नाहीत. मीही नाही मानले. दारात मायकल जॉन होता, त्याने टोपी काढून त्यांना वाट दिली.

पुढच्या वर्षी वसंतात वर्ध्याहून येणाऱ्या बातम्यांनी आम्हा सगळ्यांची झोप उडवली. काकू आणि काका, म्हणजे राधिकाचे वडील, दोघेही आजारी पडले आणि दोघेही त्यातून उठले. राधिका इथून फोनवर औषधं सांगत होती, आणि प्रत्येक औषधाला तिकडून एकच प्रश्न येत होता, "कशासंग घेऊ?"

जून उजाडला. ऊन, गवत, रांग, सगळं मागल्यासारखंच. एका शनिवारी मात्र सकाळपासून धो धो पाऊस होता आणि दुकानात चिटपाखरू नव्हतं. दुपारी राधिकाचा मेसेज आला, 'काढा केलाय, येता का?' दुकान बंद झाल्यावर गेले. नवरा एव्हाना परत आला होता, स्वयंपाकघरात भांडी घासत होता. ईराने दार उघडून मला सांगितलं, "इट्स रेनिंग, सो इट्स काढा डे." राधिकाचं नाक अगदी मोकळं होतं. ती रात्रीच गोळी पाण्याबरोबर घेऊन बसलेली, आणि बाहेर तर पाऊस. औषधशास्त्राच्या दृष्टीने त्या काढ्याला तिथे काहीही काम नव्हतं.

आम्ही तिघी टेबलाशी बसलो. काढा इतका गरम होता की फुंकर घालत, बोलत बोलत प्यावा लागला, आणि संपेपर्यंत चांगलाच वेळ गेला. मग मी माझा पेला धुतला, प्रेसमध्ये, म्हणजे इकडच्या भाषेत कपाटात, ठेवला, आणि आभार न मानता घरी आले.